सेल्फ फिरतो, पण इंजिन पेटत नाही

वाणिज्य शाखेचा विद्यार्थी मोटारीच्या इंजिनावर लिहितो आहे म्हटल्यावर विज्ञान शाखेतले मित्र हसतील. हसू देत. गेल्या पावसाळ्यात मी महिनाभर भोपाळला मावशीकडे होतो. त्या महिन्यात काकांच्या जुन्या अँबॅसडरने मला जे शिकवले, ते जमाखर्चाच्या तासाला शिकलेल्या गोष्टींच्या इतके जवळचे निघाले की ते लिहून ठेवावे असे वाटले. त्यात माझी स्वतःची एक चूकही आहे, साडेचौदाशे रुपयांची. ती लपवायची नाही असे ठरवूनच लेखणी हातात घेतली आहे.

काका भोपाळच्या 'भेल'मधून निवृत्त झालेले. हा कारखाना १९५६ साली हेवी इलेक्ट्रिकल्स या नावाने स्थापन झाला आणि १९७४ मध्ये 'भेल'मध्ये विलीन झाला. पिपलानी, बरखेडा, गोविंदपुरा या वसाहतींत देशभरची माणसे येऊन राहिली, त्यांत काकांचे वडीलही होते. गंमत म्हणजे भोपाळ ज्या दिवशी नव्या मध्य प्रदेशाची राजधानी झाले, त्याच दिवशी, म्हणजे १ नोव्हेंबर १९५६ रोजी, आमचे बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेले. मी भेटलो की काका ही तारीख काढतात, आणि मग जेवण थंड होईपर्यंत बोलणे संपत नाही. असो. आपला विषय गाडी.

गाडी अँबॅसडर मार्क फोर, १९८६ सालची. उत्तरपाड्याच्या कारखान्यात अँबॅसडरचे उत्पादन २०१४ साली बंद पडले, तरी काकांच्या मते तिच्यासारखी गाडी झाली नाही. मावशीचे मत वेगळे आहे. परंतु त्या रात्रीपर्यंत ते फारसे कोणी विचारात घेतले नव्हते.

जुलैचा दुसरा आठवडा होता. बड्या तालाबाचे पाणी १६६६.८० फुटांवर कधी पोचणार आणि भदभदा धरणाची दारे कधी उघडणार, एवढीच गावात चर्चा. रात्री दीडच्या सुमारास वीज गेली आणि मावशीचा दमा उसळला. वाफ देण्याचे यंत्र विजेवर चालणारे, म्हणजे ते बंद. काका किल्ली घेऊन धावले. सेल्फ मारला. खर्र, खर्र, खर्र. इंजिन चांगले जोरात फिरत होते, पण पेटत नव्हते. पुन्हा मारला. चोक ओढला, पुन्हा मारला. मी टॉर्च धरून उभा आणि मागच्या सीटवर मावशीच्या श्वासाची शिट्टी. दहा-बारा मिनिटे अशी गेली. अखेर आवाज खोल जाऊन नुसती 'टक्' झाली, बॅटरी संपली. तेव्हा कुठे शेजाऱ्यांचे दार ठोठावायचे सुचले. त्यांच्या गाडीने पंधरा मिनिटांत रुग्णालय गाठले. मावशी सकाळी घरी आली, बरी आहे. पण ती दहा-बारा मिनिटे आम्ही का घालवली, हा प्रश्न त्या घरात अजून कोणी मोठ्याने विचारलेला नाही. शेजाऱ्यांचे दार तर पाच पावलांवर होते.

दुसऱ्या दिवशी पुण्याहून मावसभावाचा फोन आला, "बाबा, ती गाडी भंगारात द्या." काका काही बोलले नाहीत. मला मात्र म्हणाले, "का चालू झाली नाही ते कळल्याशिवाय देणार नाही. कळलं की मग बघू."

आता थोडे शास्त्र. किल्ली फिरवल्यावर इंजिन हललेच नाही तर दोष बहुधा बॅटरीत, तिच्या टर्मिनलात किंवा सेल्फच्या मोटरीत असतो. तो प्रांत लहान आहे. इंजिन फिरते पण पेटत नाही, हा दुसरा प्रकार. इथे प्रांत मोठा आणि वाटा अनेक. आमच्या कॉलनीत जो तो या दोहोंची गल्लत करून "बॅटरी बदला" सांगत होता.

पेटण्यासाठी इंजिनाला चार गोष्टी लागतात. हवेत नीट मिसळलेले पेट्रोल, ते मिश्रण दाबून धरणारे घट्ट सिलिंडर, मिश्रण पेटवणारी ठिणगी, आणि ती ठिणगी नेमक्या क्षणी पडणे. आमच्या कन्नड विभागातल्या मित्राला ही हकिकत सांगितली तेव्हा त्याने एका वाक्यात निदान केले, "किडी बरलिल्ल." कन्नडमध्ये किडी म्हणजे ठिणगी. ठिणगी आली नाही. मी मराठी कानाने ऐकले आणि क्षणभर वाटले, गाडीला कीड लागली म्हणतो आहे! पण त्याचे निदान बरोबरही नव्हते आणि चूकही नव्हते. ते कसे, ते पुढे येईल.

या ठिणगीमागे एक माणूस आहे. चार्ल्स केटरिंग. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या डेटन गावी त्याने आणि एडवर्ड डीड्स याने १९०९ साली डेटन इंजिनिअरिंग लॅबोरेटरीज कंपनी काढली. त्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे जुळवून 'डेल्को' हा शब्द झाला. भोपाळच्या गॅरेजमध्ये ठिणगी वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्युटरला आजही डेल्को म्हणतात. म्हणणाऱ्याला डेटन गाव ठाऊक असायचे कारण नाही. १९१२ सालच्या कॅडिलॅक गाडीला विजेवर चालणारा सेल्फ बसला तोही केटरिंगचाच. म्हणजे सेल्फ फिरतो पण ठिणगी पडत नाही, ही तक्रार एकाच माणसाच्या दोन अपत्यांमधल्या भांडणाची आहे. हे भांडण खरे कसे असते ते मला नंतर कळले.

ठिणगीचे काम असे चालते. बॅटरीचा बारा व्होल्टचा प्रवाह कॉइलच्या आतल्या जाड तारेच्या वेढ्यांतून जातो आणि डेल्कोतल्या पॉइंटमधून जमिनीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला मिळतो. पॉइंट म्हणजे एकमेकांना टेकलेली दोन छोटी धातूची टोके. डेल्कोचा दांडा फिरताना ती ठराविक क्षणी उघडतात. उघडताच प्रवाह तुटतो, कॉइलमधले चुंबकत्व एकदम कोसळते आणि बारीक तारेच्या हजारो वेढ्यांत काही हजार व्होल्टचा दाब तयार होतो. तोच प्लगच्या फटीतून उडी मारतो. पण पॉइंट उघडताना प्रवाहाला तिथेच, त्या उघडत्या फटीतून उडी मारायचा मोह होतो. तशी उडी मारली तर चुंबकत्व एकदम कोसळत नाही, हळूहळू ओसरते, आणि प्लगपर्यंत जोर पोचत नाही. ते टाळायला पॉइंटला समांतर एक करंगळीच्या पेराएवढी डबी जोडलेली असते. तिचे नाव कंडेन्सर. तुटत्या प्रवाहाला ती क्षणभर आपल्या पोटात जागा देते. चार सिलिंडरच्या इंजिनात दांड्याच्या एका फेऱ्यात दोन ठिणग्या लागतात. सेल्फवर इंजिन मिनिटाला दीड-दोनशे फेरे घेते असे धरले तर सेकंदाला पाच-सहा ठिणग्या.

आता आमची करणी. सकाळी पहिला मेकॅनिक आला. त्याने बॅटरी चार्जिंगला लावली, संध्याकाळी परत बसवली आणि प्लग काढले. चारही प्लग पेट्रोलने ओले. माझ्या हातात दिले तर बोटांना वास लागला. त्याने एक प्लग वायरीला जोडून इंजिनावर टेकवला, सेल्फ मारला, ठिणगी दिसली. "करंट है," तो म्हणाला, आणि चार नवे प्लग बसवले. गाडी पहिल्या झटक्यात चालू. काकांचा चेहरा उजळला. पाचव्या दिवशी पुन्हा खर्र, खर्र, खर्र.

मग मी पुढे झालो. वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलविषयी मी बरेच वाचले होते. जुन्या गाड्यांतले रबर त्याने मऊ पडू शकते, ही गोष्ट खरी आहे. अँबॅसडरच्या इंजिनावरचा पेट्रोलचा पंप रबरी पडद्यावर चालतो, हेही खरे. या दोन खऱ्या गोष्टी जोडून मी तिसरी ठरवून टाकली, की पडदा गेला आहे आणि पेट्रोल वर चढत नाही. काकांना मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले. दुसऱ्या मेकॅनिकने बॅटरी चार्ज करून आणली, १४५० रुपयांचा नवा पंप बसवला आणि गाडी चालू झाली. मी दोन दिवस कॉलनीत मान वर करून हिंडलो. सहाव्या दिवशी गाडी बंद. जुना पंप उघडून पाहिला तर पडदा धडधाकट.

वाचकांच्या लक्षात आले असेलच. प्लग ओले होते. माझ्या बोटांना पेट्रोलचा वास लागला होता. पेट्रोल सिलिंडरपर्यंत पोचत आहे याचा पुरावा चार दिवस आधी माझ्या हातात होता, आणि मी तो फडक्याला पुसून टाकला होता.

तिसऱ्याने कॉइल बदलली. बॅटरी चार्ज, नवी कॉइल, गाडी चालू, आठवड्यात बंद. मी वहीत नोंद ठेवत होतो. प्लग ७२०, पंप १४५०, कॉइल १३१०, तीन वेळची मजुरी १५००, एकूण ४९८०. मावसभावाने भंगारवाल्याला परस्पर फोन केला. तो येऊन गाडीभोवती फिरून गेला, दारावर बोटाने टकटक करून पत्र्याची जाडी पाहिली. मावशी खिडकीतून बघत होती. तिने कधी त्या गाडीचे कौतुक केले नव्हते, पण तो गेल्यावर म्हणाली, "असं काय वाजवून बघतात माणसं!"

त्या रात्री वही उघडी ठेवून बसलो असताना मला तेरीज आठवली. आमच्या वर्गाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. सर्व खात्यांच्या शिलका नावे आणि जमा अशा दोन बाजूंना मांडून बेरीज केली तर ती सारखी यायला हवी. तिला तेरीज म्हणतात. ती जुळली नाही तर नवशिका कारकून काय करतो? दिसेल ती नोंद खोडतो. आमच्या सरांनी दुसरी वाट शिकवली. आधी फरक किती तो काढा. फरकाच्या निम्म्या रकमेची नोंद कुठे आहे का पाहा. असेल तर ती चुकीच्या बाजूला गेली असेल. फरकाला नऊने पूर्ण भाग जात असेल तर आकडे उलटे पडले असण्याचा संभव, ५४०च्या जागी ४५०. म्हणजे एकही नोंद न खोडता, नुसत्या फरकाकडे बघून, अर्धी खातेवही बाजूला ठेवता येते. आम्ही गाडीच्या बाबतीत नुसत्या नोंदी खोडत सुटलो होतो, आणि तेही विकत घेऊन.

शिवाय सरांचे आणखी एक वाक्य होते, की तेरीज जुळली म्हणजे हिशेब बरोबर असे नव्हे. दोन चुका एकमेकींना झाकू शकतात. परीक्षेत ते मी पाठ करून लिहिले होते आणि गुणही मिळवले होते. अर्थ कळला भोपाळमध्ये.

काकांना बुधवाऱ्यातले एक म्हातारे मिस्त्री आठवले. सरकारी अँबॅसडर गाड्यांखाली त्यांची उमर गेलेली, आता काम सोडलेले. फोनवर काकांनी सगळी कथा सांगितली. त्यांनी एवढेच बजावले, "मेरे आने तक बैटरी को हाथ मत लगाना." आम्ही चकित झालो. मेलेल्या बॅटरीवर काय पाहणार? पण त्या वेळी ती पुरती मेलेली नव्हती, सेल्फ फिरवण्याइतका जीव तिच्यात होता. ती तशीच ठेवली.

संध्याकाळी रिक्षातून मिस्त्री आले. हातात एक कापडी पिशवी. बॉनेट उघडले नाही. आधी खुर्चीवर बसून चहा घेतला आणि काकांना विचारले, "साहब, सेल्फ छोड़ते वक़्त पकड़ती है क्या?" काका विचारात पडले. मग म्हणाले, "हो. किल्ली सोडताना कधी कधी एकदा धुगधुगते, आणि विझते." मिस्त्रींनी मान डोलावली. तीन मेकॅनिकांनी हा प्रश्न विचारला नव्हता, आणि आम्हालाही ही गोष्ट सांगण्यासारखी वाटली नव्हती.

या प्रश्नात सगळे होते. सेल्फची मोटर शंभराहून अधिक अँपिअर प्रवाह ओढते. ती फिरत असताना बारा व्होल्टची बॅटरी दहावर, थकलेली असेल तर नऊवर येते. त्याच वेळी कॉइललाही त्याच बॅटरीतून प्रवाह हवा असतो. केटरिंगच्या दोन लेकरांचे भांडण ते हेच. मोठा भाऊ ताटातले ओरपतो आणि धाकट्याला उरलेसुरले मिळते. किल्ली सोडली की मोठा हात धुतो, धाकट्याला एकदम भरपूर मिळते, आणि इंजिन अजून गतीने फिरत असल्यामुळे त्या एका क्षणी चांगली ठिणगी पडते. गाडी धुगधुगते. म्हणजे पेट्रोल आहे, दाब आहे, वेळ बरोबर आहे. ठिणगीही आहे, पण अशक्त. एका प्रश्नाने चारांपैकी तीन वाटा बंद झाल्या.

अशक्त का, हे शोधायचे उरले. त्यांनी गाडी शेडच्या अंधारात ढकलायला लावली, डेल्कोचे झाकण काढले, कॉइलची मधली वायर सुक्या लाकडी चिमट्याने धरून तिचे टोक इंजिनाच्या लोखंडापासून साधारण पाव इंचावर ठेवले आणि काकांना सेल्फ मारायला सांगितले. वायरीच्या टोकाशी काहीच नाही. टोक अगदी जवळ नेले तेव्हा एक बारीक, तांबूस ठिणगी. पण माझे लक्ष त्यांनी दुसरीकडे वेधले. उघड्या डेल्कोत पॉइंटच्या फटीत निळापांढरा लखलखाट चालला होता. जी ठिणगी वायरीच्या टोकाला पडायची ती पॉइंटवरच जळत होती. पॉइंट पाहिले तर एका टोकावर खड्डा आणि दुसऱ्यावर टेंगूळ. "कंडेन्सर," मिस्त्री म्हणाले, आणि पिशवीतून करंगळीच्या पेराएवढी डबी काढली. किंमत १२० रुपये.

मग पहिल्या मेकॅनिकला ठिणगी कशी दिसली? प्लग त्याने मोकळ्या हवेत धरला होता. प्लगची फट अर्ध्या मिलिमीटरहून थोडी अधिक, आणि मोकळ्या हवेत ती ओलांडायला फार जोर लागत नाही. सिलिंडरच्या आत मिश्रण कित्येक पट दाबलेले असते. तिथे तीच फट ओलांडायला पुष्कळ जास्त दाबाची वीज लागते. शिवाय त्याने परीक्षा घेतली ती नुकत्याच चार्ज केलेल्या बॅटरीवर. सोपा पेपर काढून त्याने विद्यार्थ्याला पास केले होते. पाव इंचाची परीक्षा अवघड होती, म्हणून तिच्यात नापास होण्याला अर्थ होता. ही परीक्षा घरी करणाऱ्याने एवढे पाळावे, की प्लगची भोके उघडी नसावीत, जवळ पेट्रोल सांडलेले नसावे आणि वायर हाताने धरू नये. काकांनी तरुणपणी एकदा धरली होती. ती आठवण ते उत्साहाने सांगतात.

आणि तीन वेळा गाडी चालू कशी झाली? प्रत्येकाने दोन गोष्टी एकदम बदलल्या होत्या. एक नवा भाग आणि दुसरी भरलेली बॅटरी. ताज्या बॅटरीवर सेल्फने ओरपूनही कॉइलपुरते उरत होते, तेवढ्यात ती अशक्त ठिणगी कशीबशी काम भागवत होती. काकांच्या फेऱ्या भाजीबाजारापुरत्या, पावसात दिवे आणि वायपर चालू. चार-सहा दिवसांत बॅटरी पुन्हा खाली उतरायची आणि ठिणगी हरायची. श्रेय मात्र प्रत्येक वेळी नव्या भागाला मिळत होते. त्यातला एक भाग माझा होता.

मिस्त्री कंडेन्सर बसवून पॉइंटही घासायला निघाले तेव्हा मी त्यांचा हात धरला. म्हटले, आधी फक्त कंडेन्सर. ते थांबले, माझ्याकडे बघितले, आणि पॉइंटला हात न लावता झाकण बसवले. बॅटरी तीच, थकलेली. काकांनी किल्ली फिरवली. दुसऱ्या फेऱ्याला इंजिन पेटले. कॉलनीतली दोन पोरे टाळ्या वाजवू लागली. मी म्हटले, आता जुना परत बसवा. काका ओरडले, "अरे, चालू झाली ना!" मिस्त्री मात्र हसले आणि जुना बसवला. खर्र, खर्र, खर्र, आणि किल्ली सोडताना एक धुगधुग. नवा बसवला, गाडी चालू. तेव्हाच माझ्या वहीत त्या पानावर मी रेघ ओढली. पॉइंट त्यानंतर घासले, फट पातीने मोजून लावली, आणि पुढच्या आठवड्यात नवे पॉइंट आणून बसवले.

ज्यांच्या घरी गाडी आहे त्यांच्यासाठी राहिलेल्या वाटा थोडक्यात सांगतो. आधी कान द्या. सेल्फचा आवाज एका ठेक्यात येत असेल तर सिलिंडर दाब धरत आहेत. इंजिन नेहमीपेक्षा हलके, गरगर फिरू लागले आणि ठेका नाहीसा झाला तर मिश्रण दाबले जात नाही. पट्ट्यावर टायमिंग चालणाऱ्या गाड्यांत पट्टा तुटल्यावर असे होते, आणि तिथे पुन्हा पुन्हा सेल्फ मारण्यात नुकसान आहे. मग नाक. बरेच फिरवूनही सायलेन्सरला पेट्रोलचा वास नसेल आणि प्लग कोरडे असतील तर पेट्रोलची वाट धरा: टाकी, जाळी, पंप, कार्ब्युरेटर. टाकीचा काटा खोटे बोलतो, हे विसरू नका. वास फार येत असेल तर चोक आत ढकला, एक्सलरेटर पूर्ण दाबून धरून फिरवा, किंवा दहा मिनिटे नुसते थांबा. पावसाळ्यात डेल्कोच्या झाकणात दमटपणा बसतो. कोरड्या फडक्याने पुसल्यावर गाडी चालू झाली तरी झाकणाला तडा आहे का ते बघावे.

नव्या गाड्यांत डेल्को नाही, पॉइंट नाही, कंडेन्सरचे हे पेरही नाही. ज्या गाडीने मावशीला रुग्णालयात नेले तिच्यात किल्ली लावताच मागे टाकीतला विजेचा पंप दोन सेकंद गुणगुणतो. तो आवाज आला नाही तर फ्यूज आणि रिले. डॅशबोर्डवर किल्लीचे चिन्ह लुकलुकत राहिले तर गाडीने किल्लीच ओळखलेली नाही; सेल्फ फिरेल, इंजिन पेटणार नाही. दांड्याच्या फेऱ्या मोजणारा सेन्सर गेला तर ठिणगी आणि पेट्रोल दोन्ही एकदम बंद. गॅरेजवाला यंत्र लावून एक सांकेतिक क्रमांक वाचतो आणि त्या नावाचा भाग बदलतो. पण सेन्सरची तक्रार आली म्हणजे सेन्सरच वाईट असे नाही, त्याची वायर उंदराने कुरतडलेली असू शकते. पत्ते बदलले आहेत, चार प्रश्न तेच आहेत.

निघायच्या दिवशी काकांनी मला त्याच गाडीतून भोपाळ जंक्शनवर गोवा एक्स्प्रेससाठी सोडले. मावशी सोबत होती. तिने एक अट घातली आणि काकांनी ती मान्य केली: रात्री-बेरात्री गाडी तीन वेळा फिरवून पेटली नाही तर चौथ्यांदा फिरवायची नाही, १०८ला फोन करायचा आणि शेजाऱ्यांना उठवायचे. भंगारवाल्याचा निर्णय लांबला आहे. बॅटरी जुनीच आहे, ती दिवाळीपर्यंत बदलायची म्हणतात. पंपाचे साडेचौदाशे मी देऊ केले. काकांनी घेतले नाहीत, पण वहीत मी ते माझ्या नावे टाकले आहेत.

जुना कंडेन्सर खिशात घालून बेळगावला आणला. आमच्या भौतिकशास्त्राच्या सरांना दाखवला. त्यांनी साध्या मीटरवर लावून पाहिला तर आकडा अगदी व्यवस्थित आला. मी ओशाळलो, वाटले, मिस्त्री चुकले की काय. सरांनी विचारले, "पॉइंट उघडतात तेव्हा याच्यावर किती व्होल्ट येतात?" मला माहीत नव्हते. त्यांनी सांगितले, दोन-तीनशे. मग पाचशे व्होल्टचे मेगर काढून लावले, आणि काटा घसरला. हातातल्या मीटरच्या एक-दोन व्होल्टला धड असलेली ती डबी तीनशेला गळत होती. माझ्या कन्नड मित्राने काट्याकडे बघून पुन्हा तेच म्हटले, "किडी बरलिल्ल." या वेळी सर त्याला म्हणाले, "बंतु, आदरे सालदु." आली, पण पुरेशी नव्हती. तो कंडेन्सर आता प्रयोगशाळेच्या कपाटात, मेगरच्या शेजारी ठेवला आहे. कोणाला पाहायचा असेल तर सरांना विचारून पाहावा.